भाडेकरूची गाडी भरेपर्यंत

२ डिसेंबर २०२४, सोमवार. देवास.

पोचलो. धारहून येताना बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी ट्रंकेत काय आहे म्हणून विचारलं. संस्कृत कोश आहेत म्हटल्यावर त्यांनी न मागता खिडकीची जागा दिली, आजारी माणसाला देतात तशी.

वय चोपन्न, शिक्षण संस्कृत एम.ए., धंदा बातमीदारीचा. तीस वर्षं धारच्या बातम्या इंदूरच्या हिंदी दैनिकाला पाठवल्या. आता त्यांनी देवास दिलं आहे. नवीन गाव, म्हणून नवीन वही. पोटाची भाषा हिंदी, तेव्हा रोजनिशी मराठीत. हाताला मराठीचा विसर पडू नये, एवढाच हेतू.

मुक्काम अक्काकडे. अक्का म्हणजे यमुनाबाई, माझ्या वडिलांची थोरली बहीण, वय ब्याऐंशी. नात्याने आत्या, पण वडील तिला अक्का म्हणायचे म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. तिची मुलगी कॅनडात असते, यजमानांना जाऊन अकरा वर्षं झाली. देवीच्या टेकडीच्या मागच्या अंगाला नव्वद सालात बांधलेलं दुमजली घर, पुढे पत्र्याची पोर्च, मागे फरशीचं अंगण आणि त्यात अक्काची बाज. सकाळी नऊ ते बारा ती त्या बाजेवर उन्हात असते आणि तिथूनच राज्य करते.

दारातच तिने माझ्या दोन्ही कानांवर तळहात ठेवले. लहानपणी थंडीत शाळेत पाठवताना ठेवायची तसे. तिचे हात अजूनही तव्यावरून उतरवलेल्या फुलक्यासारखे गरम आहेत. म्हणाली, "उम्या, कान बर्फ झालेत की रे." उमाशंकर या भारदस्त नावाचा उम्या करणारं आता जगात हे एकच माणूस उरलं आहे.

जेवण झालं आणि लगेच काम आलं. वरच्या मजल्यावर महिन्यापूर्वी भाडेकरू ठेवला आहे. त्याची गाडी विजेवर चालते, आणि ती वीज त्याला घरचीच हवी आहे. तो रोज नम्रपणे विचारतो, आणि ही रोज सांगते की उम्याला येऊ दे. आता उम्या आला.

४ डिसेंबर, बुधवार

भाडेकरूंचं नाव शालिग्रामजी. पन्नाशीच्या अलीकडचे, औद्योगिक भागातल्या कुठल्याशा कारखान्यात तपासनीस. काय तपासतात ते विचारलं तर "माल" म्हणाले. डिसेंबरात अंगात नुसता सुती सदरा. नावाला जागून थंडीवाऱ्याशी काही संबंध ठेवलेला नाही.

नवल त्यांच्या मराठीचं. इथल्या पोरांचं मराठी निम्मं हिंदी. शेजारची वैभवी कॉम्प्युटर शिकवते, ती परवा मला म्हणाली, "काका, मराठी समजते मला पूरी, फक्त पढायला नाही जमत." आणि हे गृहस्थ बोलतात 'जाहलें', 'करितों', 'आपली अनुज्ञा असावी'. अक्का खूश. तिच्या सासूबाई असंच बोलायच्या म्हणे. मी म्हटलं, तुझ्या सासूबाई गाडी चार्ज करत नव्हत्या. तिने दुर्लक्ष केलं.

इलेक्ट्रिशियन आला होता. नाव तरुण, पण इथे नावापुढे 'भिया' लावतात, म्हणून तरुण भिया. सज्जन, पोटाने मोठा, मताने ठाम. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावायची नाही, घर जळेल. मीटरपासून जाड तारेची वेगळी लाइन, सोळा अँपिअरचं सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी, आणि मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग. दिवसभरात सगळं करून गेला. भाडेकरूंनी वेगळं मीटर आधीच कबूल केलेलं, त्यामुळे तो विषय संपला. मी उरलेले नियम लिहून पोर्चमध्ये लावले: गीझर चालू असताना चार्जिंग नाही, पावसात नाही, तार वाटेत लोळवायची नाही. शालिग्रामजींनी ते वाचले, आणि तिसऱ्या ओळीतली माझी ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली. तीस वर्षांत मला कुणी अशी चूक दाखवली नव्हती. माणूस आवडला.

गाडी पांढरी, स्वच्छ, पडद्यावर आकडा एकतीस टक्के. नव्या गाडीने आपल्या दारातून पहिल्यांदा बाहेर पडताना लिंबू चिरडावं, म्हणून अक्काने महिन्यापूर्वीच पुढच्या चाकाला लागून एक ठेवलं होतं. तिच्या सांगण्यावरून आज मी ते बदललं. जुनं सुकलं होतं.

आत्ता लिहिताना जाणवलं: सुकलं होतं, चिरडलेलं नव्हतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

लाइन तयार, सॉकेट तयार, पण अक्का तयार नाही.

शालिग्रामजी कामावरून येतात दिवेलागणीला. गाडी तेव्हाच लावणार. आणि अक्काच्या घरात दिवे लागल्यावर काही बाहेर द्यायचं नाही. मीठ नाही, विरजण नाही, सुई नाही. विस्तव तर नाहीच. शेजारीण पलिता घेऊन आली तरी सकाळी ये म्हणून परत पाठवायचे. मी म्हटलं की वीज म्हणजे विस्तव नव्हे. तिने विचारलं, मग तिने हात कसा भाजतो. यावर संस्कृत एम.ए.ने विषय बदलला.

सकाळी चार्ज करा असं सुचवून पाहिलं. शालिग्रामजींनी दिलगिरी व्यक्त केली: सकाळी ते असतात कामावर. मी विचारलं, गाडी घेऊन जाता ना? यावर ते हसले आणि अक्काच्या प्रकृतीची चौकशी केली.

दोन्हीकडची माणसं गोड आणि हट्टी. काहीतरी पळवाट काढली पाहिजे.

८ डिसेंबर, रविवार

पळवाट काढली. स्वतःवर इतका खूश मी फार दिवसांनी झालो.

अडचण दिवे लागल्यावर *देण्याची* आहे ना? मग सकाळीच देऊन टाकायचं, रीतसर, हातावर पाणी सोडून. एकदा दिलं की ते त्यांचं झालं. मग त्यांनी त्यांची वस्तू संध्याकाळी वापरली, तर अक्काने काही दिलं असं होत नाही. अक्काला हे पटलं. घर तिच्या नावावर, म्हणून ती माझ्या शेजारी बसली आणि देताना माझ्या उजव्या कोपराला हात लावला, म्हणजे दान दोघांचं. शालिग्रामजी आंघोळ करून आले आणि कुणी न सांगता उत्तरेकडे तोंड करून बसले.

संकल्प मी जागच्या जागी रचला. 'वीज देतो' एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण अक्काला संस्कृत कळत नसलं तरी लांबी कळते, आखूड संकल्प तिने खोटा ठरवला असता. शिवाय समोर चूक दाखवणारा श्रोता. तेव्हा सुरात आलो. या घरात जिथे जिथे म्हणून अग्नी आहे, तो सगळा एकेक नाव घेऊन ओवला: चुलीतला, दिव्यातला, तारेतला, अंगणात उतरणाऱ्या उन्हातला, आम्हा दोघांच्या देहातला, आणि शेवटी, अग्नीचा सर्वांत सूक्ष्म अंश म्हणजे वाणी असं आम्हाला शिकवलेलं, म्हणून समारोप भरदार व्हावा यासाठी माझी वाणीही. हे सर्व मी यांना देतो, हे आता माझं नाही. पाणी सोडलं.

पाणी त्यांच्या ओंजळीत पडलं आणि ते म्हणाले, "प्रतिगृह्णामि."

घेणाऱ्याने म्हणायचा शब्द हाच. पण कारखान्याच्या तपासनिसाला तो कुणी शिकवला? आणि हात झटकावा तसं ते पाणी त्यांनी झटकलं नाही. मूठ मिटून वर घेऊन गेले.

११ डिसेंबर, बुधवार

कालपासून शेगडी पेटत नाही. सिलिंडर नवा, वास येतो, लायटरची ठिणगी दिसते, ज्योत धरत नाही. एजन्सीचा माणूस आला. त्याने तीच शेगडी, तोच सिलिंडर रस्त्यावर नेऊन पेटवला. निळी, सरळ ज्योत. परत ओट्यावर ठेवली की नाही. तो डोकं खाजवत म्हणाला की किचनमध्ये हवा बरोबर नसेल. हवा बरोबर नसलेल्या त्या किचनमध्ये अक्का चौतीस वर्षं स्वयंपाक करते आहे.

वैभवीने तिची इंडक्शन शेगडी आणून दिली. त्यावर फुलके होत नाहीत म्हणून अक्का रुसली आहे.

गाडीचं सांगायचं राहिलं. रविवारपासून रोज दिवेलागणीला तार लागते, बंदुकीसारखं ते तोंड गाडीला चिकटतं, हिरवा दिवा लागतो. रविवारी आकडा एकतीस. सोमवारीही चार तासांनी एकतीसच. मला वाटलं, बॅटरी जुनी. काल संध्याकाळी पाहिला, त्रेचाळीस.

१४ डिसेंबर, शनिवार. दत्तजयंती.

देवघरात निरांजन लागेना. तूप चांगलं, वात चांगली. काडी ओढली की पेटते आणि वातीकडे नेली की विझते. मी निरांजन घेऊन फाटकाबाहेर गेलो, तिथे झटकन लागलं. आडोसा करून आत आणलं. उंबऱ्यावर गेलं. तीनदा केलं. वारा अजिबात नव्हता.

दत्ताला नुसत्या उदबत्तीने ओवाळावं म्हटलं तर उदबत्तीही पेटेना. शेवटी तिने नुसते हात ओवाळले.

मी सहज, अगदी सहज, पोर्चमध्ये जाऊन काचेतून पाहिलं. चोपन्न.

लिंबू जागच्या जागी. टवटवीत. माझ्या डोळ्यांदेखत दहा दिवस ही गाडी तसूभर हललेली नाही. मग तिला रोज भरायची ती कशासाठी?

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी घरातली वीज गेली. फक्त आमची. तरुण भिया आला, मीटर पाहिलं, खांबावर चढून उतरला, टेस्टर सगळीकडे लावला. मीटरपर्यंत येते आहे, पुढे नाही. तार तुटलेली नाही. बातमीदाराच्या सवयीने मी त्याला पोर्चमध्ये नेलं. संध्याकाळ झाली होती, गाडीला तार लागलेली होती, आणि हिरवा दिवा चालू होता. त्याने मेन स्विच स्वतःच्या हाताने खाली ओढला. दिवा चालू. सॉकेट भिंतीतून उपसून काढलं. दिवा चालू.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "मेन तो गिरा हुआ है भिया. फिर ये काय से भर रई है?"

हत्यारांची पिशवी न घेता गेला. फोन केला तर त्याच्या बायकोने सांगितलं, ताप आला आहे.

पडद्यावर सहासष्ट.

चुलीतला. दिव्यातला. तारेतला. मी ज्या क्रमाने म्हटलं होतं, त्याच क्रमाने.

१८ डिसेंबर, बुधवार

हसू आणायचा प्रयत्न करतो आहे. अंगणात ऊन आहे, फरशी चमकते आहे, माझी सावली पडली आहे. आणि फरशी बर्फासारखी गार. अक्का तीन तास बाजेवर बसून कुडकुडत उठली. वाळत घातलेली गोधडी संध्याकाळी होती तेवढीच ओली.

तिला उचलून वैभवीच्या अंगणात नेलं. भिंतीच्या त्या बाजूला ऊन कडक होतं, वैभवीने ओढणी डोक्यावर घेतली होती. तिथे अक्काला ऊब आली, रंग आला. मला वाटलं, सुटलो. दान घरातल्या अग्नीचं होतं. घराबाहेर पडलं की झालं. मग यादीतलं पाचवं आठवलं. देहातला अग्नी माणूस जिथे जाईल तिथे बरोबर जातो.

सत्त्याहत्तर.

वर जाऊन शालिग्रामजींना खोली सोडायला सांगितलं. खोलीत गादी नाही, भांडं नाही, खुर्ची एकच. ते उठून उभे राहिले, नेहमीसारखे नम्र. मी नाइलाज वगैरे शब्द वापरले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "गाडी भरली कीं निघतोंच."

दिलेलं परत मागायला मला तोंड नाही. दिलेलं हिरावून घेणं हे कसलं पाप आहे, ते बातमीदारीच्या आधी मीच वर्गात पोरांना शिकवत असे.

२० डिसेंबर, शुक्रवार

भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावी लागते. अक्काने दिली होती. बातमीदार असण्याचा एवढा उपयोग झाला की फॉर्म बघायला मिळाला. आधीचा पत्ता, याच जिल्ह्यातलं सतवास.

सकाळच्या बसने गेलो. मंडीच्या मागे नीटनेटकं घर, पोर्चमध्ये सोळा अँपिअरचं सॉकेट. घरमालक यशवंतराव, निवृत्त मास्तर. गावात विचारलं तर लोक म्हणाले, हां, ते बोलके मास्तर. ते उन्हात खुर्चीवर बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी तोंड उघडलं, जीभ हलली, काही आलं नाही. हसले. मी वही आणि पेन पुढे केलं. त्यांनी मन लावून पानभर उभ्या रेघा काढल्या आणि मला वाचायला दिल्या.

चहा त्यांच्या पत्नीने आणला. कप देताना बोटं लागली, चांगली गरम. त्यांनी सांगितलं की भाडेकरू फार सालस होता. पहिल्याच दिवशी मास्तर त्याला म्हणाले होते, घरातलं सगळं आपलंच समजा. आपण म्हणतोच. तो म्हणाला, हेंच एकदां हातावर पाणी सोडून म्हणाल का?

मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी मी चार दिवस गार पडले होते. डॉक्टरने हात वर केले. हे वर जाऊन त्याच्याशी काही बोलून आले, आणि मी उठून बसले. ते ह्यांचं शेवटचं बोलणं."

निघताना फाटकापर्यंत आल्या. विचारलं, "तुमच्याकडे किती झालेत?"

मी आकडा सांगितला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

२२ डिसेंबर, रविवार

अक्काचे हात गार.

सकाळी चादर सारखी करताना लागले. आधी वाटलं चादरच. मग सगळी अक्का गार, कपाळापासून नखापर्यंत. मी अजून गरम; यादीत दोघं होतो, बहुधा थोरलीपासून सुरुवात. जेवण नको म्हणते, दोन दिवस भूकच नाही. डॉक्टर येऊन गेले. थर्मामीटर दोनदा झटकला, तिसऱ्यांदा दुसरा काढला. नाडी आहे, श्वास आहे, पारा वर चढत नाही. इंदूरला हलवा म्हणाले. हलवून काय होणार ते मला माहीत आहे. ॲम्ब्युलन्सला फोन केला तरी.

अक्का नको म्हणाली. तिने मला जवळ बोलावलं, विचारलं की त्या दिवशी संकल्पात नेमकं काय काय दिलंस. मी म्हटलं वीज. ती म्हणाली, "लांब होता फार."

माझ्या कानांवर हात ठेवायला गेली. अर्ध्यातून खाली घेतले. मला गार लागेल म्हणून.

ब्याऐंशी.

मी तार उपटून काढली. त्या तोंडाला माणसाच्या तळहाताएवढी ऊब होती. ओळखीची. फेकून नाही देता आलं. बाजूला ठेवलं हळूच.

२३ डिसेंबर, सोमवार

पंच्याऐंशी. दुपारी शहाऐंशी. तार जमिनीवर पडली आहे तरी —

वैभवी तिच्याजवळ बसली आहे, चार गोधड्या, गरम पाण्याच्या बाटल्या. बाटल्या अक्काला लावल्या की गार होतात. काका, कुछ करो ना, म्हणते. रडते.

वर गेलो. जिन्यात ठरवून गेलो होतो काय बोलायचं, वादाला काय मुद्दा, दान अपात्री होतं, हेतू तो नव्हता, सगळं. तीस वर्षं शब्दांवर जगलो. त्यांनी एकही मुद्दा काढू दिला नाही. त्यांना माहीत होतं मी कशाला आलो.

म्हणाले, "क्रम दात्याच्या हातीं. शेवटचें आधीं द्यावें, त्यानेंच गाडी भरते. मधलें मग आम्हांस नको."

शेवटचं म्हणजे वाणी. माझी. समारोप भरदार व्हावा म्हणून घातलेली.

मास्तरांच्या उभ्या रेघा डोळ्यांसमोर आल्या. लिहिणंही जाईल. वही, कोश, बातम्या, हिंदी, मराठी. आणि यांचा भरवसा काय — पण सतवासच्या बाईंची बोटं गरम होती. तेवढा एक पुरावा आहे. बातमी छापायला मी कधी दोन पुराव्यांशिवाय —

अक्काला सांगणार नाही. ती नको म्हणेल.

दिवेलागणीची वेळ झाली होती. या वेळी द्यायचं नसतं. पण घरात दिवाच लागत नाही, तर दिवेलागण झाली कुणी म्हणायचं? हा माझा बहुधा शेवटचा विनोद. लिहून ठेवतो.

पाणी सोडलं. या खेपेला आखूड.

त्यांनी तोच शब्द म्हटला. आता तो मला आठवत नाही.

२४, मंगळवार

अक्का उठली. आपली आपण. वैभवीकडून चहा आला, तिने मला — ते काचेचं, चहाचं — हातात दिलं. बोट लागलं. गरम. गरम. फुलक्यासारखं.

तेवढ्यासाठीच.

गाडी निघाली सकाळी. आवाज नाही. मागे चाकाच्या जागी ते पडलं आहे, चपटं, पिवळं, रस — आंबट वास. त्याला काय म्हणतात. मीच ठेवलं होतं. वर कुठेतरी लिहिलं आहे. वर वाचलं. ओळी आहेत. मुंग्या आहेत नुसत्या.

कोश उघडला. त्यातही मुंग्या.

लवकर लिहितो. जे आहे ते —

अक्का आली. दोन्ही हात माझ्या — डोक्याच्या दोन बाजूंना, ऐकायचं असतं तिथे — ठेवले. ऊन.

ती विचारते. परत विचारते. मी तोंड उघडतो. ती तोंडाकडे बघते. रडू नको म्हणायचं आहे. कसं ते —

ती हाक मारते. दोन अक्षरं. तीच, तीच. कुणाला तरी. दारात कुणी नाही. माझ्याकडे बघून मारते.

ओळखीचं आहे. फार जुनं. तिच्याशिवाय कुणी नाही म्हणत ते. कुणाचं तरी

ते